तोल सावरणारी फळी : वर्ध्याच्या एका अंगणातून

वाचकहो, वर्धा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सेवाग्रामची मातीची कुटी येते, पवनारजवळची धाम नदी येते, मगनवाडीतील जुना परिसर येतो. आज मी आपल्याला यांपैकी काही ठिकाणी नेणार आहे. मात्र वाट थोडी वळणावळणाची आहे. ती आमच्या घरासमोरच्या सिमेंटच्या अंगणातून निघते, एका वाढयाच्या दुकानातून जाते आणि तेरा वर्षांच्या मुलाच्या मोडक्या खेळण्यापाशी थांबत थांबत पुढे सरकते. आपण वयस्कर असाल, अथवा घरातील एखाद्या वयस्कर माणसाची काळजी वाहत असाल, तर ही वाट आपल्याही उपयोगाची आहे, असे मला वाटते.

मी निवृत्त शिक्षक. वय एकाहत्तर. दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या ओसरीच्या ओल्या पायरीवरून माझा पाय घसरला. पडताना माणूस नकळत हात पुढे करतो. मीही केला आणि डाव्या मनगटाचे हाड मोडले. हाड यथावकाश जुळले. भीती मात्र गेली नाही. सकाळचे फिरणे आधी लेआउटच्या कोपऱ्यापर्यंत आले, मग फाटकापर्यंत, आणि शेवटी ओसरीतल्या खुर्चीपर्यंत. सूनबाई अतिशय प्रेमळ. ती म्हणे, ‘बाबा, तुम्ही बसा, मी आणून देते.’ पाणी, वर्तमानपत्र, चष्मा, औषध, सारे खुर्चीपाशी येऊ लागले. वर्षभरात माझ्या मांड्या इतक्या हलक्या झाल्या की त्याच खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा आधार लागू लागला.

हे चक्र आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे असेल. पडण्याची भीती वाटते म्हणून हालचाल कमी होते, हालचाल कमी झाली की स्नायू दुबळे होतात, आणि दुबळ्या स्नायूंमुळे पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. प्रेमाने दिलेली विश्रांतीही कधी कधी या चक्राला हातभार लावते.

जुनी फळी

गेल्या दिवाळीच्या सुटीत पुण्याहून माझा नातू आला. त्याच्या सामानात एक जुना स्केटबोर्ड होता. रस्त्यावर उड्या मारण्यासाठी, कठड्यांवरून घसरण्यासाठी वापरतात तो. खेळाडू त्याला ‘स्ट्रीट’ प्रकार म्हणतात. मागचे टोक घासून झिजले होते, कडा उडाल्या होत्या. त्याला आता वेगळ्या प्रकारचा बोर्ड हवा होता. एका ओळीत ठेवलेल्या शंकूंमधून नागमोडी जाण्याचा खेळ असतो, त्याला ‘स्लालम’ म्हणतात. हा शब्द मूळचा नॉर्वेचा. तिथे बर्फाच्या उतारावरून स्की घालून घसरताना जो माग उमटतो, त्यावरून तो आला. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेतील तरुणांनी हा बर्फावरचा खेळ चाकांवर आणला.

स्लालमचा तयार बोर्ड महाग असतो आणि आपल्याकडे सहजी मिळतही नाही. नातू म्हणाला, ‘आजोबा, ह्याच फळीचा करता येईल, पण मला कापता येत नाही.’ मला कापता येत होते. शाळेत मुलांना कार्यानुभवाचे तास मी अनेक वर्षे घेतले होते. करवत, कानस आणि गिरमिट अजून माळ्यावर होते. ती पेटी उतरवायला मी खुर्चीतून उठलो. माळ्यावर अर्थातच सूनबाई चढली; पण पेटी उघडून अंगणात नेण्याचे काम तिने मला करू दिले. वर्षभरात प्रथमच.

मगनवाडीची आठवण

काम सुरू करण्यापूर्वी मी नातवाला मगन संग्रहालयात घेऊन गेलो. रिक्षाने गेलो आणि आत काठी टेकत हळूहळू फिरलो. आपण वर्ध्याला आलात तर हे ठिकाण चुकवू नका. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली त्याचे काम मगनवाडीत सुरू झाले. ही जागा जमनालाल बजाज यांनी दिलेली. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांचे नाव तिला मिळाले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते संग्रहालयाचे उद्घाटन झाले.

तिथे निरनिराळ्या घडणीचे चरखे आहेत, खेड्यातील कारागिरांची अवजारे आहेत. नातवाला वाटले होते की चरखा म्हणजे एकच वस्तू. चरख्यांचे इतके प्रकार पाहून तो थबकला. पेटीत बसणारा, प्रवासात नेता येणारा चरखा त्याला विशेष आवडला. मी त्याला मगनवाडीतल्या तेलघाणीची गोष्ट सांगितली. घाणी ही आपल्याकडे शतकानुशतकांची वस्तू. ती मोडीत न काढता तिच्या रचनेत इथे सुधारणा केली गेली आणि ती पुढे ‘वर्धा घाणी’ या नावाने ओळखली गेली. आहे त्या वस्तूचे निरीक्षण करायचे, ती कुठे अडते ते शोधायचे आणि तेवढेच बदलायचे, ही या परिसराची रीत होती.

नातवाने वहीत दोन रकाने आखले. एकात लिहिले, ‘काय ठेवायचे’. दुसऱ्यात, ‘काय बदलायचे’. आमचा बोर्ड त्या पानावरून तयार झाला.

वाढयाचे दुकान

फळी घेऊन आम्ही माझ्या जुन्या परिचयाच्या वाढयाकडे गेलो. तोही आता सत्तरीला टेकला आहे. त्याच्या दुकानात कोपऱ्यात लाकडी नंदी उभे होते, चार चाकांच्या पाटीवर बसवलेले. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. मुले आपापले लाकडी नंदी सजवून, दोरीने ओढत मिरवतात. आमच्या जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा तर मोठमोठ्या नंदींसाठी प्रसिद्ध आहे. त्यामुळे फळीला चार चाके लावून मुलांच्या हाती देणे ही वर्ध्याच्या वाढयाला मुळीच नवी गोष्ट नव्हती. नातवाच्या बोर्डाकडे पाहून तो म्हणाला, ‘ह्यो तर बिनबैलाचा नंदी आहे जी, गुरुजी.’

मग त्याने फळी हातात धरून बोटाच्या पेराने ठोकून पाहिली. स्केटबोर्डची फळी बहुधा मेपल लाकडाच्या सात पातळ थरांची, दाबून चिकटवलेली असते. ठोकल्यावर खणखणीत आवाज आला तर थर घट्ट आहेत. भद्द आवाज आला तर आत कुठेतरी थर सुटले आहेत. बोल्टच्या भोकांभोवती तडा आहे का, तेही त्याने पाहिले. ‘मरलं नाही अजून हे लाकूड,’ त्याने निर्वाळा दिला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. प्रत्येक जुनी फळी अशी वापरता येत नाही. तडा गेलेली, थर सुटलेली किंवा पावसात फुगलेली फळी पैसे वाचवण्यासाठी मुलाच्या पायाखाली देऊ नये. आधी तपासणी, मगच काम. शरीराच्या बाबतीतही हाच क्रम आहे. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

काय बदलले

आपल्या घरातही एखादा नातू किंवा नात असा हट्ट धरील, म्हणून कृती थोडक्यात सांगतो.

स्ट्रीट प्रकारची फळी साधारण आठ इंच रुंद आणि एकतीस-बत्तीस इंच लांब असते. स्लालमसाठी ती अरुंद आणि आटोपशीर हवी. आम्ही दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच खूण केली, पुढचे उचललेले टोक आखूड केले आणि मागचे झिजलेले टोकही थोडे छाटले. मधला सपाट भाग आणि त्यातली बोल्टची जुनी भोके जशीच्या तशी ठेवली. वळलेल्या भागात नवी भोके पाडण्याच्या फंदात पडलो नाही; तिथे लाकूड कमजोर पडते. कापताना फळी शिकंजात घट्ट धरली आणि तिघांनीही नाकातोंडावर रुमाल बांधला, कारण या लाकडाच्या भुशात डिंकाचीही धूळ असते. कडा कानशीने गोल केल्या, पॉलिश पेपरने घासल्या आणि त्यांवर वार्निशचे दोन हात दिले. कापलेली कड उघडी राहिली तर ती पावसाळी हवेतील ओल पिते.

चाके मात्र नवी घ्यावी लागली. सगळ्या खर्चाचा मोठा वाटा तोच. स्ट्रीटची चाके लहान आणि कठीण असतात, साधारण बावन्न मिलिमीटर व्यासाची. स्लालमला मोठी आणि मऊ चाके लागतात. आम्ही पासष्ट मिलिमीटरची घेतली. मऊ चाक जमीन धरून ठेवते आणि लहान खडे पचवते. पूर्वी या खेळात मातीच्या मिश्रणाची किंवा धातूची चाके होती; बारीकशा खड्यानेही ती अडत आणि खेळाडू तोंडघशी पडे. सत्तरच्या दशकाच्या आरंभी फ्रँक नॅसवर्दी या अमेरिकन तरुणाने पॉलियुरेथेनची चाके या खेळात आणली आणि खेळाचे रूपच पालटले. चाकातील बेअरिंग मात्र जुनेच राहिले. ‘६०८’ क्रमांकाचे हे बेअरिंग अनेक लहान विजेच्या यंत्रांतही असते. आठही बेअरिंग काढून धुतले, पूर्ण वाळवले आणि तेलाचा एकेक थेंब दिला. सात सुरळीत फिरू लागले. आठवे खरखरत राहिले. ते मोटार दुरुस्तीच्या दुकानातून बदलून आणले.

चाक मोठे झाले की एक नवा धोका येतो. वळताना ते फळीच्या खालच्या बाजूला घासते, क्षणात थांबते आणि वरचा माणूस पुढे फेकला जातो. यासाठी धुरा धरणाऱ्या धातूच्या सांगाड्याखाली, ज्याला खेळाडू ‘ट्रक’ म्हणतात, रबराची जाड गादी घालावी लागते आणि त्या मानाने लांब बोल्ट घ्यावे लागतात. चाकांच्या वरचे लाकूडही आम्ही थोडे कोरले. मग चाकांना खडू फासला आणि नातवाला बोर्डावर उभे करून दोन्ही बाजूंना पूर्ण झुकायला लावले. एका कोपऱ्यात फळीला खडूचा डाग लागला. तिथे पुन्हा कानस फिरवली. डाग उमटेनासा होईपर्यंत हे चालले.

शेवटी आली पाचर. कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकतो तीच कल्पना, फक्त इथे ती चपटी असते. स्लालममध्ये पुढची चाके अधिक वळली पाहिजेत आणि मागची कमी. तसे झाले नाही तर बोर्डाची शेपूट भरकटते. त्यासाठी ट्रक आणि फळी यांच्यामध्ये तिरकी पाचर घालून धुऱ्याचा कोन बदलतात. वाढयाने कठीण लाकडाच्या दोन पाचरी तासून दिल्या. पहिल्या वेळी आम्ही त्या उलट बसवल्या. ओळखायचे कसे? बोर्ड टेबलावर ठेवून एका बाजूला हलकेच दाबावा आणि कोणता धुरा जास्त वळतो ते पाहावे. आमचा मागचाच जास्त वळत होता. पाचरी फिरवल्या आणि बोर्ड ताळ्यावर आला.

फळीच्या पाठीवर पाय घट्ट राहावा म्हणून खरखरीत पट्टी चिकटवतात. जुनी पट्टी गुळगुळीत झाली होती. हार्डवेअरच्या दुकानात पायऱ्यांवर चिकटवण्याची पट्टी मिळाली, तीच वापरली. बरीच उरली. त्या संध्याकाळी सूनबाईने उरलेली पट्टी ओसरीच्या पायऱ्यांवर चिकटवली, जिथे माझा पाय घसरला होता तिथे. दोन वर्षे आम्ही सर्वांनी त्या पायरीला दोष दिला होता. उपाय लहानशा गुंडाळीत मिळत होता.

सात पेले

आमच्या लेआउटमध्ये एक आडवाट आहे, सिमेंटची, नकळत उताराची, आणि पुढे बंद होणारी. वाहनांचा रस्ता या खेळासाठी कधीही नको. नातवाने तिथे दोन-दोन मीटरवर सात कागदी पेले पालथे मांडले. दगड किंवा करवंट्या ठेवू नयेत. चाकाखाली आल्या तर घात होतो. डोक्यावर शिरस्त्राण, कोपर-गुडघ्यांना गाद्या आणि मनगटांना आधारपट्ट्या. मनगटाच्या पट्ट्यांबाबत मी हटून बसलो. चाकांवरून पडणारे मूल आणि ओल्या पायरीवरून पडणारा म्हातारा दोघेही हातच पुढे करतात. पाच वर्षांखालील मुलांना स्केटबोर्ड देऊच नये आणि सहा ते दहा वर्षांच्या मुलांसोबत मोठ्या माणसाने सतत असावे, असे बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेचे म्हणणे आहे. आणि आपल्यासारख्यांनी? आपण त्यावर पाय ठेवायचा नाही. मोह मलाही झाला होता.

पहिल्या दिवशी नातवाने सातपैकी सहा पेले उडवले. तिसऱ्या दिवशी दोन. मी खुर्ची घेऊन वाटेच्या कडेला बसत असे. पाहता पाहता एक गोष्ट ध्यानी आली. तो स्थिर उभा राहू पाहत असे तेव्हा हमखास पडे. गुडघे सैल सोडून, वजन सतत या पायावरून त्या पायावर नेऊ लागला, की सावरला जाई. शिवाय समोरच्या पेल्याकडे न पाहता दोन पेले पुढे पाहिले, तर शरीर आपोआप वाट काढी. वजन हलवण्याच्या त्या लयीतून बोर्डाला वेगही मिळतो. पायाने जमीन रेटावी लागत नाही.

ही गोष्ट मी पुढच्या भेटीत माझ्या फिजिओथेरपिस्टना सांगितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘काका, तोल असाच असतो. तुम्ही खुर्चीत बसून तो जपू पाहता आहात.’ त्यांनी समजावून सांगितले ते असे. तोल राखण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून बातमी येते : डोळ्यांकडून, आतल्या कानाकडून, आणि तळपाय व सांध्यांकडून. वयानुसार तिन्ही बातम्या थोड्या अंधूक होतात. मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील, मोतिबिंदू वाढला असेल, तर अधिकच. आलेल्या बातमीनुसार क्षणोक्षणी लहान दुरुस्त्या करण्याचे काम पायांचे स्नायू करतात. ही सवय वापरात राहिली तरच टिकते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात पासष्ट वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करावेत, असे म्हटले आहे. घरी राहणाऱ्या वयस्कर माणसांवरील अनेक अभ्यासांचा आढावा २०१९ मध्ये कॉक्रेनने प्रसिद्ध केला. व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसले.

माझे सात पेले

नातू पुण्याला परतला तेव्हा पेले इथेच राहिले. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने ते आमच्या अंगणात, भिंतीच्या बाजूने, एक-एक मीटरवर मांडले गेले. मी त्यांच्यामधून नागमोडी चालतो. सकाळच्या उजेडात, टाचेला बंद असलेली चप्पल घालून, काठी हातात ठेवून. आरंभी एक फेरी, आता चार. वळताना पाय पायात अडकवायचे नाहीत. लहान लहान पावले टाकत वळायचे. नजर पायाशी खिळवायची नाही. दोन पेले पुढे ठेवायची. पेला दिसलाच नाही तर? कागदाचा आहे, उडतो.

याशिवाय दोन व्यायाम रोज. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून उभे राहणे, दहा-दहा सेकंद. आणि खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे. सुरुवातीला उशी घालून खुर्ची उंच केली, पाच वेळा जमू लागल्यावर उशी काढली.

फळीप्रमाणे इथेही आधी तपासणी. अलीकडे पडला असाल, उभे राहताना चक्कर येत असेल, तळपाय बधिर असतील, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा कंपवात असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे सुरू करू नका. रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्यांनीही तोल जाऊ शकतो. औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा, गोळ्या मनाने मात्र बंद करू नका. नजर तपासून घ्या. माझ्या तपासणीत चष्म्याचा नंबर बदललेला निघाला.

काळजी वाहणाऱ्या वाचकांना सूनबाईच्या वतीने दोन शब्द. आधी ती माझा दंड घट्ट धरून चाले. तिला शिकवले गेले, की धरून ओढले तर वयस्कर माणसाची स्वतःची दुरुस्ती थांबते. आता ती दुबळ्या बाजूला, किंचित मागे चालते. हात जवळ असतो, पण लागलेला नसतो. पहिल्या आठवड्यात तिला हे फार अवघड गेले. ‘बाबा, माझाच जीव वर-खाली होतो,’ ती म्हणाली होती. आधार काढून घेणाऱ्यालाही सराव लागतो. तो त्याला सावकाश करू द्यावा.

सेवाग्रामची वाट

जानेवारीत, हवेत गारवा असताना, मी आणि सूनबाई सेवाग्रामला गेलो. वर्धा शहरापासून ते आठेक किलोमीटर. आपण येणार असाल तर हिवाळ्यात या. आमचा मे महिना वयस्करांसाठी नाही. आश्रमाच्या आवारात जमीन बरीचशी सपाट आहे, झाडांची सावली दाट आहे आणि घाई कोणालाच नसते. उंबरे आणि खडी यांकडे तेवढे लक्ष ठेवावे.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी इथे आले तेव्हा या गावाचे नाव शेगाव होते; १९४० साली ते सेवाग्राम झाले. येताना त्यांचे वय सहासष्ट होते. निवृत्तीनंतर मी जे वय ओसरीत घालवायचे ठरवले होते, त्या वयात त्यांनी नवे गाव, नवे घर आणि नवी कामे हाती घेतली. त्यांची कुटी परिसरातील माती, बांबू आणि लाकूड यांनी उभी आहे. मूळची ती मीराबहन यांची. गरजेप्रमाणे तिच्यात फेरफार होऊन ती बापू कुटी झाली. ते नेमाने फिरायला जात आणि चालताना आश्रमातील कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवीत, हे छायाचित्रांतून आपण पाहिले आहे. आधार घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. फिरणे मात्र थांबले नाही.

१९३६ मध्ये त्यांनी लावलेल्या पिंपळाखाली आम्ही थोडे बसलो. मग मी सूनबाईला सांगितले, की आदि निवासापासून फाटकापर्यंत मी एकटा जातो, तू मागून ये. वाटेत दोनदा थांबलो. एकदा काठी खडीत रुतली आणि अंग झुकले. डावे पाऊल आपोआप बाजूला पडले, आणि मी उभाच होतो. मागे वळून पाहिले तर सूनबाई दहा पावलांवर, दोन्ही हात पदराखाली बांधून, जागच्या जागी थांबली होती.

ओसरीतली खुर्ची अजून आहे. संध्याकाळी मी तिच्यात बसतोच. बोर्ड आतल्या खोलीत खिळ्याला टांगला आहे. नातू उन्हाळ्यात येईल तेव्हा पहाटे सहाच्या आत तो खाली उतरेल. पेले वाऱ्याने उडतात म्हणून सूनबाई आता त्यांच्यात चिमूटभर वाळू घालून ते सुलटे ठेवते. काल सकाळी मी फेऱ्या संपवून आत आलो, तेव्हा ती स्वतः त्यांच्यामधून चालत होती. गुडघे दुखतात म्हणाली. मी ओसरीच्या पायरीवर उभा राहिलो, हात जवळ ठेवून, न लावता.